तिफणीनं पेरलेलं गवत

पूर्णेच्या हायस्कुलात दिनकरराव चित्रकला शिकवत, आणि त्यांची सगळ्या गावावर एकच तक्रार होती: इथं कोणाला रेघ दिसत नाही. रंग दिसतो, देव दिसतो, चित्रात बाई असली तर ती सगळ्यात आधी दिसते, पण रेघ म्हणून काही दिसत नाही. ही तक्रार ते मुख्याध्यापकांना ऐकवत, स्टेशनवरच्या पार्सलबाबूला ऐकवत, आणि कोणीच सापडलं नाही तर बायकोला. चतुराबाई भाकरी थापता थापता 'हूं' म्हणत. त्या 'हूं'नं तर दिनकररावांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

या तक्रारीचं मूळ एका कागदात होतं. निजामाची राजवट गेली, पुढं दोन-तीन वर्षांत त्याची रेल्वेही दिल्ली सरकारकडं गेली, आणि पूर्णा जंक्शनवरचा एक गोरा साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला. त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. चतुराबाईंनी नवऱ्याला तिथून वेताची खुर्ची आणायला धाडलं होतं. खुर्ची दुसऱ्यानंच नेली आणि दिनकरराव एक पुठ्ठ्याचं बाड काखेत मारून घरी आले. त्या खुर्चीची आठवण चतुराबाईंनी पुढं सहा वर्षं शिळी होऊ दिली नाही.

बाडात वरच एक चित्र होतं. पाठमोरा उभा असलेला भला थोरला घोडा, त्याचा लगाम धरून एक शिपाई, आणि घोड्याच्या मागच्या खुराजवळ गवताचा लांबट झुबका. रंगाचा थेंब नाही, नुसत्या काळ्या रेघा. चारशे-साडेचारशे वर्षांमागं युरोपातल्या कोण्या कारागिरानं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं, कोरलेल्या रेघांत शाई भरून पत्रा कागदावर दाबला होता, आणि ही त्या ठशाची छापील नक्कल होती. खालच्या इंग्रजी ओळीवरून दिनकररावांनी एवढं लावलं. कारागिराचं नाव मात्र वाळवीनं खाऊन टाकलं होतं.

त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि बघत बसले. लांबून पाहिलं की घोड्याचा पुठ्ठा, म्हणजे त्याचं मागचं मांसल अंग, गोल, भरीव, हात फिरवावासा वाटे. जवळ गेलं की घोडा गायब आणि समोर नुसत्या रेघा. एकेक रेघ बारीक सुरू होई, मध्ये भरे, पुन्हा बारीक होत संपून जाई, ज्वारीच्या पानासारखी. अंग वळलं की रेघा त्याच्याबरोबर वळत. सावली म्हणून कुठं काळं फासलेलं नव्हतं. रेघा जवळ आल्या की अंधार, लांब गेल्या की उजेड. हैद्राबादेत ते स्वतः पेन्सिल अंगठ्यानं घासून सावली काढायला शिकले होते, आणि तेच पोरांना शिकवत होते. त्या दिवशी त्यांना आपल्या अंगठ्याची लाज वाटली.

मग त्यांनी ते चित्र गावाला दाखवायला सुरुवात केली. मुख्याध्यापक माणिकरावांनी चष्मा पुसून पाहिलं आणि रंगवायचं कधी म्हणून विचारलं. शेजारच्या कडूबाईंनी लांबूनच हात जोडले आणि घोडा खंडोबाचा का, ते विचारून घेतलं. सोनपेठकडून थोरला भाऊ सूर्यभान आला होता. तो शेतकरी माणूस, पण चित्रासमोर चांगली घटकाभर उभा राहिला. डोकं तिरपं करून पाहिलं, खाली बसून पाहिलं. दिनकररावांचा जीव सुपाएवढा झाला. शेवटी भाऊ म्हणाला की जनावर मागच्या उजव्या पायानं दुखावलेलं दिसतंय.

"घोडा राहू द्या, ते गवत बघा," असं मग दिनकरराव प्रत्येकाला म्हणत. गवतावर त्यांचं एक व्याख्यानच तयार झालं होतं. एवढा मोठा घोडा काढणारा माणूस, पण पायाखालच्या पातीसाठीही तेवढाच जीव ओततो. घोडा तर कोणीही बघेल, खरा रसिक गवताशी थांबतो. सहा वर्षांत दर वर्षीच्या नववीला त्यांनी हे व्याख्यान दिलं. पोरं गवताकडं बघत आणि घंटेची वाट पाहत.

खरं दुखणं मात्र वेगळं होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःला तो घोडा जमत नव्हता. बारीक निबानं, काळ्या शाईनं त्यांनी त्याच्या अकरा नकला केल्या होत्या. शिपाई जमे, लगाम जमे, गवत तर अगदी हुबेहूब येई. पण पुठ्ठ्यावर आले की रेघ कुठंतरी थरके, कुठंतरी अडे, आणि घोड्याचं मागचं अंग भरलेल्या पोत्यासारखं दिसे. अकराही नकला पेटीच्या तळाशी होत्या. लोकांना रेघ दिसत नाही म्हणून ते एवढे चिडत, त्यातला निम्मा राग या पेटीतला होता.

अशात मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि शाळेत नवे नियम आले. माणिकरावांनी दिनकररावांना खोलीत बोलावून सांगितलं की होळीच्या सुमाराला औरंगाबादेहून तपासणीसाहेब येणार आहेत. चित्रकलेचे आठवड्याचे तास ठेवायचे की सूतकताईला द्यायचे, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरेल. साहेब पोरांची चित्रं तर बघतीलच, पण मास्तरच्या हातचं कामही बघतील. "तुमचा तो घोडा काढा," माणिकराव म्हणाले, "आणि जमलं तर थोडा रंग द्या."

दिनकररावांनी रंगाचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातात पंधरा दिवस होते आणि बारावी नक्कल करायची होती. ती साधली तर चित्रकला राहील, नाही तर उरलेली नोकरी पोरांना टकळी फिरवायला शिकवण्यात जाईल. ते सकाळ-संध्याकाळ घोड्याला भिडले. आठ दिवसांत तीन कागद फाडले.

नवव्या दिवशी चतुराबाईंनी त्यांच्यापुढं भांड्यांचं गाठोडं ठेवलं. वैशाखात गोदावरीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न होतं. रुखवतातल्या भांड्यांवर तिचं नाव घालून आणायचं होतं. मागच्या साली कडूबाईंच्या पुतणीच्या घागरीवर भलतंच नाव पडलं होतं, म्हणून चतुराबाईंनी बजावलं की नावं घालून होईपर्यंत तिथंच बसायचं. दिनकररावांनी आदळआपट केली. मग एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या काखेत चित्राचं बाड घेऊन बाजारात गेले.

भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर मुंजाजी बसे. साठीचा माणूस, लहान छिन्नी, लहान हातोडी, एवढाच त्याचा संसार. तरुणपणी तो अकरा वर्षं बिदरला एका कारखान्यात होता. तिथं काळ्या धातूवर वेलबुट्टी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवत; नवाबांचे हुक्के, पानदान सगळं असलंच. नवाब गेले, हुक्के गेले, आणि मुंजाजी पूर्णेत येऊन घागरींवर नावं घालू लागला.

दिनकररावांनी नाव कागदावर लिहून दिलं आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला फळी मांडीवर घेऊन बसले. शेजारी मूळ चित्र उभं केलं, आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं आहे हे सवयीनं मुंजाजीलाही ऐकवलं. पुठ्ठ्याची पहिली रेघ ओढली, ती थरकली. दुसरी ओढली, ती अडली. त्यांनी चौथा कागदही फाडला.

मुंजाजीची हातोडी थांबली नव्हती. तशीच ठोकत तो म्हणाला, "मास्तर, हात कशाला फिरवायलात?"

दिनकररावांनी विचारलं की हात नाही फिरवायचा तर रेघ कशी वळणार.

"हात फिरला की रेघ हलती. हात एका जागी धरायचा, आन् भांडं फिरवायचं." मुंजाजीनं एक ताटली दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरली, छिन्नी समोर टेकवली आणि ताटलीच हळूहळू फिरवली. छिन्नी जागची हलली नाही. ताटलीवर एक गोल, भरीव, अखंड रेघ उमटली. मग त्यानं छिन्नीच्या टोकानं चित्राकडं दाखवलं. "ह्यो माणूस बी तसंच करत व्हता. घोड्याच्या अंगावर येक रेघ हातानं वळवलेली न्हाई. समद्या पत्रा फिरवून आल्यात. त्याबिगर अशा यायच्याच न्हाईत."

दिनकरराव चित्राकडं बघत राहिले. सहा वर्षं ते रेघ बघत होते. ती निघाली कशी असेल, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आलं ते एका नावं घालणाऱ्याच्या तोंडून, म्हणून त्यांना आनंद होण्याऐवजी आधी राग आला. आपलंही काही कळतं हे दाखवायला हवं, म्हणून त्यांनी गवताचं व्याख्यान सुरू केलं.

मुंजाजीनं ते पुरतं ऐकून घेतलं. मग घागर पुढ्यात ओढून नाव घालायला सुरुवात करत तो म्हणाला, "ते गवत न्हाई, मास्तर. तितं त्याचा हात सुटलाय."

"म्हणजे?"

"छिन्नी सटकली. खुरापासून पार कडंपर्यंत रेघ गेली. तांब्यावरची रेघ पुसता येत न्हाई. मंग त्यानं तिच्यावर गवत काढलं. आमी बी तेच करतो. पान काढायचं, न्हाई तर फूल."

दिनकरराव म्हणाले की हे अशक्य आहे, एवढा मोठा कारागीर.

"तुमी तर शेतकऱ्याचं लेकरू. गवत कधी असं येका रेघेत उगवतं का?" मुंजाजी शांतपणे म्हणाला. "का तिफणीनं पेरलंय त्यानं?"

दिनकररावांच्या घरी तीन पिढ्या तिफण चालत होती. तो शब्द त्यांना बरोबर लागला. एरवी मुंजाजीला अहोजाहो करणारे मास्तर भर बाजारात ओरडले, "तुला काय कळतं यातलं? तू आपली नावं घाल!"

ओट्यावर ठक् असा वेगळाच आवाज झाला. मुंजाजीनं चटकन घागरीवर तळहात ठेवला आणि घागर स्वतःकडं वळवून घेतली. दिनकररावांनी बाड आवरलं, चतुराबाईंनी बजावलेलं विसरले आणि तरातरा घरी निघून आले.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं आणि पोथी वाचायचं भिंग चित्रावर धरलं. रेघ होती. खुरापासून निघालेली, सरळ, शेवटाला केसासारखी बारीक होत कडेला गेलेली. तिच्यावर गवताची पाती ओळीनं उभी होती. त्यांनी पेटीतून आपल्या अकरा नकला काढल्या. अकराही नकलांत, गवताच्या खाली, ती रेघ त्यांनी स्वतःच्या हातानं इमानदारीनं काढलेली होती. दुसऱ्या माणसाची चूक अकरा वेळा जपून उतरवली होती, आणि सहा वर्षं पोरांना ती दाखवून बघा, बघा म्हटलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. चतुराबाईंनी दोनदा विचारलं आणि मग ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दिनकररावांनी एक वाटी पालथी घातली, तिच्यावर पाट ठेवला, पाटावर कागद चिकटवला. उजवा हात एका जागी धरला आणि डाव्या हातानं पाट फिरवला. रेघ वळली. थरकली नाही, अडली नाही. दुसरी तिच्या शेजारी तशीच आली. दुपारपर्यंत पुठ्ठा कागदातून वर आला, गोल आणि जड. दिनकररावांना इतका आनंद झाला की त्यांनी मोठ्यानं बायकोला हाक मारली. चतुराबाई पिठाच्या हातानं दारात आल्या, पाहिलं, आणि म्हणाल्या, "घोडा हाय." आणि परत गेल्या.

पुढच्या चार दिवसांत बाकीचं चित्र झालं. शेवटी गवत राहिलं. त्यांनी आधी ती सुटलेली रेघ ओढली, आणि तिच्यावर पाती काढायला निब टेकवलं, तर हात पुढं जाईना. सहा वर्षं त्या गवतानं त्यांना फसवलं होतं. आता आपण ते पुन्हा काढायचं आणि साहेबालाही फसवायचं? त्यांनी निब पुसून ठेवलं. रेघ तशीच उघडी ठेवली. शहाणपणाचं काम होतं असं मी म्हणणार नाही, पण दिनकरराव कधी शहाणपणासाठी प्रसिद्ध नव्हते.

तपासणीसाहेब आले. मुंबईकडचे शिकलेले, टापटिपीचे, मऊ बोलणारे. त्यांनी मूळ चित्र आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दिनकरराव मनाशी म्हणाले, आता हा माणूस पुठ्ठ्यापाशी थांबेल. साहेबांची नजर पुठ्ठ्यावरून सरळ खाली उतरली.

"गवत राहिलंय तुमचं," साहेब म्हणाले. "आणि खरं तर या चित्राचा प्राण त्या गवतात आहे. एवढा मोठा घोडा, पण पायाखालच्या पातीलाही कलावंत विसरत नाही."

दिनकररावांना आपलंच व्याख्यान दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. 'हो साहेब, आज रात्री काढतो' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. माणिकराव मागून तसं डोळ्यांनी सांगतही होते.

"साहेब, ती चूक आहे," दिनकरराव म्हणाले. "त्याचा हात सुटला होता. गवत वरून झाकायला काढलंय."

साहेबांनी हसून विचारलं की हे कुठल्या पुस्तकात आहे. दिनकरराव म्हणाले, पुस्तकात नाही, आमच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा मुंजाजी आहे, त्यानं दाखवलं. मग साहेब पोरांच्या वह्यांकडं वळले. दिनकररावांनी भिंग पुढं केलं, रेघ दाखवायचा प्रयत्न केला, पत्रा फिरवण्याचं सांगितलं, पण ते जितकं समजावत गेले तितका त्यांचा आवाज चढत गेला, आणि चढलेल्या आवाजात सांगितलेलं कोणाला पटत नाही.

शेरा आला: नक्कल अपूर्ण, निरीक्षण कच्चं. चित्रकलेला आठवड्याला एक तास उरला. बाकीचे सूतकताईला गेले आणि टकळ्यांची पेटी दिनकररावांच्याच ताब्यात आली. पोरांची सुतं तुटत आणि ते प्रत्येक तुटलेल्या सुतावर असे खेकसत, जणू ते पोरांनी मुद्दाम तोडलं होतं.

भांडी आणायला जायला त्यांना महिना लागला. ओट्यासमोर उभं राहून ते आधी भलतीच भांडी न्याहाळत राहिले. चुकलं माझं, असं शेवटी म्हणाले, ते इतकं हळू की मुंजाजीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो गाठोडं पुढं सारत म्हणाला, "घोडा जमला का?"

"जमला," दिनकरराव म्हणाले. "पण कोणी पाहिला नाही."

मुंजाजीनं मान हलवली आणि पुढची ताटली पायात धरली.

घरी चतुराबाईंनी एकेक भांडं निरखून पाहिलं. नाव सगळीकडं बरोबर होतं. घागर हातात घेतली तशा त्या हरखल्या. बाकी कोणत्या भांड्यावर नाही, पण घागरीवर गोदावरीच्या नावाशेजारी एक लांबट पान होतं, शिरा न् शिरा कोरलेलं. न सांगता काढून दिलं, म्हणाल्या, किती जीव ओतलाय कारागिरानं.

दिनकरराव पानाकडं बघत राहिले. मग त्यांनी बायकोचं बोट धरून पानावर टेकवलं आणि हळूच मधल्या शिरेवरून नेलं.

"खाली काहीतरी खोल लागतंय," चतुराबाई म्हणाल्या.

ती मी ओरडल्यामुळं सुटलेली रेघ आहे, असं त्यांनी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. चतुराबाईंनी पुन्हा एकदा बोट फिरवलं, रेघ कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते नीट चाचपून पाहिलं. मुंजाजी सोडला तर सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यादेखत रेघ बघत होतं.

"म्हंजी चुकलेलीच घागर दिली की त्यानं," त्या म्हणाल्या. "जावा, परत करा."

दिनकररावांनी कपाळाला हात लावला. घागर परत गेली नाही, पण त्यावर चार दिवस बोलणं झालं.

लग्नात मांडवाच्या एका बाजूला रुखवत मांडलं होतं. मागच्या कनातीला दिनकररावांनी आपला बारावा घोडा काचेत घालून टांगला होता. त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही. बाया सगळ्या घागरीभोवती जमल्या होत्या आणि मधोमध चतुराबाई उभ्या होत्या. "हितं बोट लावा," त्या एकेकीला सांगत होत्या. "आमच्या ह्यांनी भर बाजारात आरडाओरडा केला, कारागिराचा हात सुटला, म्हून वर पान काढलंय. खाली रेघ हाय, बघा." एकेक बाई बोट लावी, हसे आणि दुसरीला पुढं ढकले.

दिनकरराव मांडवाच्या मेढीशी उभे होते. त्यांना भयंकर राग आला होता. सहा वर्षं घसा फोडून त्यांना जे जमलं नव्हतं, ते बायकोनं त्यांचीच अब्रू काढून पावघटकेत जमवलं होतं. इकडं कडूबाईंचं बोट पानावर नुसतंच फिरत होतं आणि त्यांना काही सापडत नव्हतं.

"असं न्हाई," दिनकरराव तिथूनच म्हणाले. "जरा डावीकडं घ्या. देठापासून निघती, शेवटाला बारीक होती."

कडूबाईंनी बोट डावीकडं नेलं, डोळे मिटले, आणि देठापासून टोकापर्यंत सावकाश गेल्या.

"हाय की," त्या म्हणाल्या.